वळणाआधी थांबलेली गाडी

सुक्या बोंबलांचा वास आला की मला बोईसरच्या कारखान्यातली ती चाचणीची छोटी गाडी आठवते. पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दोघांनी तिच्यासाठी रूळ टाकले होते, टोकाला एक कडक वळण. गाडीने चाकं रुळांच्या कडांना घासू न देता मधोमध ठेवायची आणि वीजही कमी खायची; कधी कशाला झुकतं माप द्यायचं, हे तिने अनुभवाने, चुकेल तिथे गुण कापले जात, स्वतःच शिकायचं. वजन म्हणून माझ्या सोबतिणीने, माहीमच्या कोळणीच्या लेकीने, आपला बोंबलाच्या चटणीचा डबा वर ठेवला. दुपारपर्यंत धडपडून गाडी शेवटी वळणाच्या अलीकडे शांत उभी राहिली. चाकं मधोमध, वीज शून्य, दोन्ही अटी पूर्ण! मी डोक्याला हात लावला. ती मात्र हसत सुटली. “तुज्यावर गेलीय ही,” डबा उचलत ती म्हणाली. तिला पुण्याला नोकरी लागली होती; मला तिच्याबरोबर जायचंही होतं आणि सफाळ्याचं घरही सोडवत नव्हतं, म्हणून मी कित्येक दिवस काहीच बोललो नव्हतो. संध्याकाळी आम्ही गुणांचं गणित सुधारलं, नुसतं उभं राहण्यालाही दंड लावला, तशी गाडी निमूट वळली. सफाळ्याच्या घरात आज मी एकट्यापुरतेच बोंबील भाजतो.