आत्याच्या कपाळावरची सुंठ

जगातल्या सगळ्या वेधशाळांची यंत्रं एका पारड्यात टाकली आणि दुसऱ्यात माझ्या आत्याचं डोकं ठेवलं, तरी आत्याचंच पारडं खाली जाईल; आणि खाली गेल्यावर ती तराजूवाल्याशी भांडेल, "हळू ठेवता येत नाय? डोकं हाय ते, नारळ नाय!"

आत्याला अर्धशिशी होती. आभाळ भरून यायच्या आधी, हवा नुसती कोंदली तरी तिचं डावं कानशील ठणकू लागे. मग ती सहाणेवर सुंठ उगाळून कपाळभर लेप लावी. खालापूरकडच्या आमच्या आळीत रेडिओ दोन होते, पण विश्वास या लेपावर. सुंठ लावलेली आत्या ओटीवर दिसली की बायका पापड, मिरच्या, सांडगे भराभर आत नेत. लग्नाचा मांडव घालणारेसुद्धा आधी ओटीशी येऊन विचारत, "आत्याबाई, डोकं कसं हाय?" ती फणकारे, "माझ्या डोक्याचं कुनाला पडलंय? समद्यांना आपल्या पापडांची काळजी!" पण हा मान तिला मनातून फार आवडायचा. शेजारणीने एकदा तिला न विचारता गोधड्या धुतल्या आणि त्या चार दिवस वाळल्या नाहीत, तर आत्या चारही दिवस खुशीत होती.

मग नदीपलीकडे कारखाना आला. मी तिथे हजेरी लिहिणारा कारकून म्हणून लागलो, आणि त्याच सुमारास आत्याचं डोकं बिघडलं. आता लख्ख उन्हातही सुंठ लागू लागली. बायकांनी दोनदा वाळवण आत नेलं, पाऊस नाही. तिसऱ्यांदा नेलं नाही आणि नेमकी सर आली. आळीचे वर्षाचे पापड भिजले. "आत्याबाईंच्या डोक्यात आता राम नाय राह्यला," शेजारीण म्हणाली.

हे आत्याच्या जिव्हारी लागलं. कारखान्याच्या धुराच्या वासानेच डोकं उठतं, असं तिचं ठाम म्हणणं. डॉक्टरने चष्मा सांगितला तेव्हा, "वास काय डोळ्यांनी घेतात व्हय?" म्हणत ती उठून आली. दुसऱ्या दिवशी कपाळावर ताजा लेप थापून ती थेट कारखान्याच्या फाटकाशी उभी. धुराची तक्रार ऐकून साहेब बाहेर आले. म्हणाले, "बाई, वारा आमच्या हातात नाही."

"मंग धूर तरी हातात ठेवा की! घान करायची तुमी, न नाव वाऱ्याचं? चाळीस वर्सं माझं डोकं खोटं बोललं नाय. तुमी त्याला खोटं पाडलंत!"

"तुमच्या घरचं कोणी इथे कामाला आहे का?" साहेबांनी सावकाश विचारलं. मी हजेरीचं रजिस्टर घेऊन त्यांच्या मागेच उभा होतो. आत्याने माझ्याकडे नीट पाहिलं.

"कुनी नाय," ती म्हणाली. "आमच्यातला कुनी असलं काम करनार नाय."

माझी नोकरी वाचली. पुढे कामासाठी मला पुण्याला पाठवलं. पंधरवड्याने परतलो, तर शेजारीण म्हणाली, "तुझ्या आत्याला पंधरा दिस सुंठ लागली नाय रं. वारा तर हिकडंच होता."

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो, सदरा आत्याच्या खाटेवरच्या खुंटीला अडकवला, नेहमीसारखा. अर्ध्या तासात तिने गुपचूप सहाण ओढली. मी सदरा काढून नाकाशी नेला. रोज तिथेच असल्याने मला कधी जाणवला नव्हता, पण कारखान्याचा तो सगळा उग्र वास सदऱ्यात मुरला होता.

"आत्या, माझ्या कपड्यांनी होतं हे. बोलली का नाहीस?"

"गप रं! वारा फिरलाय."

त्या दिवसापासून मी परसातल्या विहिरीवर कपडे काढून, अंघोळ करूनच घरात जाऊ लागलो. "उघडाबागडा फिरतोस, लाज नाय?" म्हणून ती त्यावरही चिडली. सुंठ कमी झाली. वारा फिरला की मात्र लागेच, आणि आळीने पुन्हा तिला पापडांचं विचारलं नाही ते नाहीच.

आता आत्या नाही, ती नोकरीही नाही. तरी संध्याकाळी उंबऱ्याशी आलो की माझा हात आपोआप गुंड्यांकडे जातो. आणि मला तिचा राग येतो. ती डॉक्टरवर ओरडली, साहेबावर ओरडली, वाऱ्यावरसुद्धा ओरडली. एकदा माझ्यावर ओरडली असती, तर काय बिघडलं असतं?