सावरगावच्या काठावरचा सेट

वायरलेसवरचा मोरेश्वर म्हणूनच पांढुर्ण्यात त्याला ओळखत. पोलिसांत हवालदार पुष्कळ होते, पण माइकसमोर बसून बोलणारा हा एकटाच. आवाज असा खणखणीत, की सौंसरचा ऑपरेटर म्हणे, तुमचा सेट बंद असला तरी इकडे ऐकू येतं. या आवाजाचा मोरेश्वरला माज होता, आणि का नसावा? जेवायला वाढताना त्याची बायको प्रेमलता "कंट्रोल, भात वाढू का?" म्हणून थट्टा करायची, तर गडी चिडण्याऐवजी फुगायचा.

वर्षातला त्याचा खरा दिवस म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. त्या दिवशी जाम नदीच्या या काठावरून पांढुर्णा आणि त्या काठावरून सावरगाव एकमेकांवर दगडांचा मारा करतात. पात्रातल्या झाडावरचा झेंडा कोणाचा, एवढ्यासाठी. समजावून कोणी ऐकत नाही, डोकी फुटायची ती फुटतातच. बंदोबस्तवाल्यांच्या हाती एवढंच उरतं, की पडलेल्याला लवकर उचलावं. त्यासाठी दोन्ही काठांवर हँडसेट घेतलेले शिपाई उभे राहत, आणि पुलाजवळच्या मंडपात, कंट्रोलच्या खुर्चीवर, मोरेश्वर.

कोणी पडल्याची खबर आली की तो एक नंबरच्या शिपायापासून हाका मारायला लागे. "एक नंबर, कुठं आहात?" एक नंबर आपला ठावठिकाणा सांगे. मग दोन नंबर, मग तीन. मध्येच दोघं-तिघं एकदम बटण दाबत आणि सेटमधून नुसती किरकिर येई. जवळचा शिपाई कोण हे कळेस्तोवर गल्लीतल्या माणसांनी जखमीला खाटेवर घालून दवाखान्यात पोचवलेलं असे. पण हजेरी कशी झोकात व्हायची!

शहाऐंशी साली सौंसरहून बदली होऊन गुणवंता आला. मोहगावच्या संत्रेवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. अंगानं किरकोळ, बोलणं हळू, आणि आवाज मोरेश्वरच्या मते सर्दी झालेल्या माणसाचा. या दगडांच्या मेळ्याआधीच्या बैठकीत टी.आय. साहेबांनी, म्हणजे ठाण्याच्या इन्स्पेक्टरांनी, कोणाला काही सुचतं का असं विचारलं. असं विचारल्यावर गप्प बसायचं असतं, हे ठाण्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. गुणवंताला नव्हतं.

"साहेब, नंबरानं हाक मारण्यापेक्षा जागेनं मारू," तो म्हणाला. "ज्यानं त्यानं उभं राहताच आपली जागा सांगून ठेवावी. सरकला, तरच नवी सांगावी. जागेचं नाव घेतलं की तिथल्यानंच बोलावं, बाकीच्यानं बटणाले हात लावू नये."

"बहुत बढ़िया," साहेब म्हणाले. "इस बार कंट्रोल पर यही बैठेगा. मोरेश्वर, तुम सावरगाववाला किनारा देखो."

मोरेश्वरच्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्यांदेखत! घरी येऊन त्यानं टोपी खुंटीवर आदळली. "जागेनं हाक मारायची! त्यात काय मोठी अक्कल लागते? मलेही सुचलं असतं."

"मंग सुचलं कसं नाही?" भाकरी थापता थापता प्रेमलता म्हणाली. तो ताटावरून उठला.

मेळ्याच्या दिवशी तो सावरगावच्या काठावर, देवळाच्या पायऱ्यांशी उभा होता. दगड सुरू झाले आणि कमरेचा सेट बोलायला लागला. "पूल," मंडपातून गुणवंताची हाक. "पूल, बोला," तिथला शिपाई. "पायथ्याशी माणूस पडला, उचला." "निघालो." खल्लास! ना किरकिर, ना गोंधळ. वर साहेबांनी सेटवरूनच "शाबाश गुणवंता" म्हटलं, ते दोन्ही काठांनी ऐकलं. मोरेश्वरला इतक्या वर्षांत तोंडावरसुद्धा कोणी शाबाश म्हटलं नव्हतं. चूक व्हावी, मोठी चूक व्हावी आणि ती या पोराच्या माथी बसावी, असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं.

दुपारी त्याच्या समोरच एक धोतरवाला म्हातारा दगड लागून खाली बसला. कपाळावरून रक्त वाहत होतं. लगेच सेट बोलला, "सावरगाव, देऊळ. तुमच्याकडे माणूस पडला म्हणतात. बोला."

मोरेश्वरचा अंगठा बटणावर गेला आणि तिथंच थांबला. आपण बोललो नाही तर दुसरं कोणीही बोलणार नाही. नियमच तसा. एक माणूस गप्प बसला की सगळं अडलं, हे साहेबांना आताच दिसेल. खुर्ची परत आपली. म्हाताऱ्याच्या डोक्याला कोणीतरी दुपट्टा दाबून धरला होता. मोरेश्वरनं मान दुसरीकडे फिरवली.

"सावरगाव, देऊळ." थोडं थांबून पुन्हा तेच. आणि मग एकदम, नियम-बियम सोडून, "मोरेश्वरभाऊ! भाऊ, तुमाले लागलं काय?"

आता बटण दाबावं, तर सांगावं काय? तो ते ठरवत होता, तोवर पुलावरून स्ट्रेचरवाले धावत आले. त्यांच्या पुढे, दगडांतून वाट काढत, उघड्या डोक्यानं गुणवंता.

"धड आहात ना?" त्यानं दोन्ही हातांनी मोरेश्वरचं डोकं चाचपलं. स्ट्रेचरवाल्यांनी म्हाताऱ्याला उचललं.

"बॅटरी गेली," मोरेश्वर म्हणाला.

तेवढ्यात त्याच्या कमरेचा सेट खणखणीत बोलला. साहेबच होते. "कंट्रोल छोड़कर कौन भागा? गुणवंता वहीं खड़ा रहेगा. मोरेश्वर को भेजो, वही बैठेगा."

गुणवंतानं सेटकडे पाहिलं. मग मोरेश्वरकडे. मोरेश्वरला वाटलं, आता हा बोलणार. बोलावं त्यानं, चार शिव्या द्याव्यात, साहेबांना सांगावं. म्हणजे त्याचा राग तरी करता आला असता.

"ऐकायचं चालू आहे, बोलायचं बिघडलं असंन," गुणवंता हळूच म्हणाला. बटण दाबून पाहायचीही तसदी त्यानं घेतली नाही. "द्या तो इकडे. जा भाऊ, साहेब बोलावून राहिले."

मोरेश्वर मंडपात आला. खुर्ची मिळाली. साहेबांनी माइककडे बोट दाखवलं. माइक हातात घेऊन तो बसतो न बसतो तोच खबर आली, देवळाशी पुन्हा कोणीतरी पडलंय. त्यानं घसा साफ केला.

"सावरगाव, देऊळ."

"सावरगाव, देऊळ. बोला भाऊ." शब्द तोंडातून बाहेर पडायच्या आत उत्तर आलं, स्वच्छ, त्याच 'बॅटरी गेलेल्या' सेटवरून.

साहेब शेजारीच उभे होते. "शाबाश मोरेश्वर," ते म्हणाले.