बरोबरीत सोडवलेली

‘बरोबरी’ हा शब्द कानावर पडला की वनमालाचं डोकं फिरतं. नेकनूरकडच्या तिच्या गावात पुढारी सभेत तोंड भरून सांगतात, मुली मुलांच्या बरोबरीच्या. आणि त्याच गावात जत्रेच्या फडात कुस्तीचा निकाल लागू द्यायचा नसला, की पंच दोघांना उठवतो, दोघांचे हात वर करतो अन् म्हणतो, बरोबरीत सोडवली. वनमालाची सगळी उमेद या दुसऱ्या बरोबरीनं खाल्ली.

चौदा वर्षांची असताना तिनं नाथाला पट काढून खाली घेतलं होतं. नाथा तिच्याच तालमीतला, तिच्याच वजनाचा. त्याच्या पाठीला माती लागायला बोटभर उरलं होतं, तेवढ्यात पंचानं दंड धरून तिला उपसून काढलं. पोरीनं पाडला तर पोराला पोरगी कोण देईल, म्हणून. पुढं नाथा सतरा वर्षांचा झाला, खांदे दारासारखे रुंदावले. वजन अजून सारखंच, पण त्यानं तिला पोतं उचलावं तशी उचलली अन् उताणी करत आणली. आता हरते अन् सुटते, असं तिला वाटलं. पुन्हा पंच मध्ये. फडाची शोभेची पोरगी पाडून कसं चालेल? माणसं तिलाच तर बघायला येतात. जिंकणं नेलं ते नेलं, हरणंसुद्धा नेलं. गाव आजही तिला ‘कधी न हरलेली वनमाला’ म्हणतं, आणि तिच्या अंगाची आग होते.

आता ती शाळेमागच्या पत्र्याच्या शेडात पोरींना कुस्ती शिकवते. यंदा जत्रेच्या फ्लेक्सवर तिच्या भावाच्या पोरीचं, संस्कृतीचं नाव लागलं. खाली ठळक छापलं होतं, पोरगी विरुद्ध पोरगा. वनमाला तडक पारावर, जत्रा कमिटीच्या विठ्ठलरावांकडं गेली.

“आबा, ही जोड काऊन लावली?”

“आता घ्या. बरोबरीच्या हावोत म्हणता, अन् पोरांसंगं लावलं की भेता.”

“भेत न्हाई. सोळा वर्षांच्या पोराचं हाड अन् पोरीचं हाड एक नसतंय, हे मी अंगावर झेललंय. त्यात लाज कसली? पण ती जोड न्हाई, तमाशा हाय. पोरीला पोरीसंगं लावा. अन् पाठीला माती लागंस्तोवर लढू द्या.”

“पोरीपोरींची कुस्ती कोण बघतंय, बाई?”

“तुमी नका बघू. डोळे मिटून बसा.”

पारावरची माणसं हसली. विठ्ठलरावांनी चिडून का होईना, मान हलवली. वनमालानं माजलगावच्या तालमीत फोन करून संस्कृतीच्याच वजनाची शिवांजली बोलावली.

जत्रेच्या दिवशी हलगी कडाडली. माइकवाला म्हणाला, “आता मातीत उतरतेय आपली संस्कृती,” आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. पोरी मात्र हसायला आल्या नव्हत्या. दोघी अशा भिडल्या की पुढं चिवडा खात बसलेल्यांचे हात थांबले. शिवांजली तयारीची निघाली. तिनं कब्जा घेतला, मान दाबली, अन् संस्कृती हळूहळू उताणी व्हायला लागली. एक खांदा टेकला. दुसरा टेकायला आला.

तेवढ्यात रस्त्यावर पुढाऱ्याच्या गाड्या दिसल्या. कुस्ती थांबवा म्हणून विठ्ठलरावांनी स्टेजवरून हात हलवला. आता पंच होता तोच नाथा. त्यानं शिट्टी तोंडात धरली.

“नाथा, पडू दे तिला,” वनमाला कडेवरून म्हणाली. “माझी पोरगी हाय, मी सांगते. पडू दे.”

नाथानं तिच्याकडं बघितलं. त्याला सगळं आठवत होतं, हे तिला दिसलं. मग त्यानं शिट्टी मारली आणि दोघींचे हात वर केले.

दोन्ही पोरींना साडी अन् नारळ मिळाला. पैलवान गड्याला फेटा बांधतात, पोरींची ओटी भरतात. संस्कृती साडी छातीशी धरून पळत आली. “आत्ती, वाचले बघ.”

“वाचली न्हाईस. हरलीस. आमच्या घरात पैली तू हरलीस, अन् तेबी नेलं यांनी.”

वनमाला फडात गेली आणि शिवांजलीचा एकटीचा हात तिनं वर केला. कुणी बघितलं नाही. सगळ्यांच्या माना गाड्यांकडं. नाथा तेवढा बघत होता, त्यानंही मान खाली घातली.

बाहेर निघताना संस्कृतीनं स्वतःची मान चोळून बघितली. मग म्हणाली, “आत्ती, तिनं मान दाबली तवा मी काय करायला पायजे व्हतं?”

असं काही विचारायची वेळ वनमालावर कधी येऊच दिली नव्हती कुणी. ती सांगायला लागली, तोच मागून भोंगा घुमला. विठ्ठलराव पाहुण्यांना सांगत होते, “पुढच्या साली पुन्हा बघायला या साहेब, आमची कधी न हरलेली संस्कृती.”

वनमालानं संस्कृतीच्या हातातली साडी काढून घेतली आणि ती परत करायला स्टेजकडं निघाली.