मिसिंग, लॉस्ट, प्रिझ्यूम्ड

मारेगावच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचो तेव्हा पोरं मला चळाचळा कापायची. 'मिसिंग' आणि 'लॉस्ट' यांत कोणी गल्लत केली की माझं टाळकंच सरकायचं. अरे बाप्पा, छत्री एसटीत राहिली, ती लॉस्ट. हजेरीला पोरगा दिसला नाही, तो मिसिंग. तो कुठंतरी असतोच, आपल्याला ठाऊक नसतं एवढंच. पोरं मान डोलवायची आणि पेपरात उलटंच लिहायची. गाढवापुढे वाचली गीता.

बासष्टच्या लढाईत माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा वर बर्फात होता, पलटणीत शिपाई. तिचं सासर कळंबजवळच्या खेड्यात, घरी पऱ्हाटी आणि तुरीचं वावर. आमचे वडील वारलेले, त्यामुळं तिचं माहेर म्हणजे मीच. दिवाळीनंतर तिच्या सासऱ्यांचा गडी तार घेऊन थेट शाळेत आला. त्यांच्या गावात इंग्रजी कोणाला येत नव्हतं, पण तार आली म्हणजे माणूस गेला, हे न वाचताच सगळ्यांना कळत होतं. मी तार उघडली. मिसिंग. वर्ग तसाच सोडून मी निघालो.

पोचलो तर घरात रडारड, चूल थंड. माझा आवाज चढलाच. म्हटलं, रडणं बंद करा, माणूस बेपत्ता आहे, मेला म्हणून कोणी लिहिलेलं नाही. बहिणीनं माझ्याकडं एकदा पाहिलं, डोळे पुसले आणि उठून चूल पेटवायला गेली. त्या क्षणी मला माझ्या इंग्रजीचा फार अभिमान वाटला.

ती वाट पाहू लागली. कुंकू लावायची, काकणं भरायची, सणाला त्याचं ताट वाढून मग ते गाईला घालायची. पण घरात एकेक अवदसा यायला लागली. गाभण गाय मेली. विहिरीची एक बाजू खचली. तिचं लहान पोरगं झोपेत दचकून उठायचं. सासरा वाईट माणूस नव्हता, पण लेकाला अग्नी नाही, पाणी नाही, या विचारानं तो पोखरला होता. मला म्हणायचा की थो घराभोवती फिरून राह्यला, तहानेला हाय. मी हसण्यावारी न्यायचो. खरं सांगतो, संध्याकाळी त्या घराबाहेर पडताना मीसुद्धा मागं वळून पाहत नसे.

पुढं सरकारी कागद आला. त्यात लिहिलं होतं, 'प्रिझ्यूम्ड डेड'. या खेपेला गावातली चार म्हातारी माणसं ओट्यावर जमली होती. मी कागद वाचला आणि शाळेतल्यासारखा सुरू झालो. कारण नसताना धरून चालणं ते अझ्यूम. काही कारण दिसतं म्हणून धरून चालणं ते प्रिझ्यूम. पण दोन्हीत नुसतं धरून चालणंच आहे, पाहिलेलं कोणीच नाही. एक म्हातारा म्हणाला, शिक्का हाय ना मास्तर? शिक्का होता. मग झालं, असं त्याच्या तोंडावर दिसलं.

आमच्याकडं ज्याचा देह सापडत नाही त्याचा पळसाचा पुतळा करून जाळतात. त्याला बारा वर्षं वाट पाहायची, असा जुना नेम. पण या लोकांनी ठरवलं की सरकारनं कागद धाडला म्हणजे मुडदाच धाडला, आता बारा वर्षं कायले? एकदा पुतळा जळला की बहीण विधवा होणार, आणि मग तिचा पाट धाकट्या दिराशी लावायचा, म्हणजे पोरगं आणि सून दोघंही घरात राहतील. तो दीर ओट्याच्या कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. त्याला तिनंच जेवू घालून मोठं केलेलं.

माझा तोल गेला. मी विचारलं, "मामाजी, उद्या तो दारात उभा राहिला तर?"

सासरा मुळीच रागावला नाही. म्हणाला, "पुतळा जाळल्यावर दारात जो येते, थो माणूस नसते, मास्तर."

आत जाऊन मी बहिणीला म्हटलं, ऊठ, चल माझ्याबरोबर मारेगावला. ती म्हणाली, पोराले हे लोक सोडणार नाहीत, अन् पोराबिगर मी येत नाही.

पळसाच्या देठांचा पुतळा बांधला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, वर त्याचाच सदरा चढवला. बहिणीला समोर बसवून काकणं फोडली. तिनं पुतळ्याकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, थे एवढे बुटके नाहीत. बायांनी तिला गप्प केलं. मसणात जाळात नारळ फुटला तसा सासरा 'सुटला' म्हणून मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडला. मलाही रडू आलं, पण रागच जास्त होता.

पाटाला मी गेलो नाही. बऱ्याच महिन्यांनी, उन्हाळ्यात भर दुपारी गेलो. फाटक उघडलं, हाक न मारता आत शिरलो, तर दार धाडकन लागलं आणि आतून कडी पडली. मी दोनतीनदा आवाज दिला तेव्हा कुठं कडी निघाली. बहीण पोराला पोटाशी धरून उभी होती, ओठ पांढरे पडलेले. मी विचारलं, काय झालं? तिनं आधी माझ्या मागं, फाटकाकडं पाहून घेतलं.

"आधी फाटक वाजलं का मी धावत जात होती, दादा," ती म्हणाली. "आता फाटक वाजलं का मले भेव वाटते. थे जिते आले तर?"