दोन नंबरच्या नळीचं रबर

शेवटच्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर स्कूटरमध्ये पेट्रोल भरलं आणि भांडलो.

माझी बायको चिंचोटीच्या अलीकडे हायवेच्या पंपावर नळी हातात धरून पेट्रोल भरायची. पंपावर सगळे तिला मावशी म्हणत. त्या दिवशी तिला सुट्टी होती, बाजाराला निघालो होतो. तिच्याच पंपावर दोन नंबरच्या नळीवर टाकी भरली आणि भरणाऱ्या पोरीला मी म्हणालो, "नळी जरा झटक गं, थेंब राहतात." सगळेच म्हणतात. झालं! ही मध्ये पडली. "कुणी झटकायची नाही! थेंब खाली पडतो, त्याची वाफ होते. ती जाते कुठं? कुणाच्या तरी नाकातच ना?" मागं ही रांग. एकानं हॉर्न मारला, "ओ काकी, घरी जाऊन शिकवा." तर त्याला म्हणते, "घरी रोजच शिकवते. शिकलेत का बघ!"

हे खूळ पंपावर नव्या नळ्या आल्या तेव्हापासूनचं. पेट्रोल आत पडलं की टाकीतली वाफ बाहेर उसळते. ही नवी नळी ती वाफ परत ओढून जमिनीखालच्या टाकीत नेते. त्यासाठी नळीच्या तोंडाला घड्याघड्यांचं रबर असतं, ते गाडीच्या टाकीवर गच्च दाबून धरावं लागतं. एवढीच गोष्ट. पण गिऱ्हाइकाला पेट्रोल पडताना डोळ्यांनी दिसायला पाहिजे, नाहीतर त्याला वाटतं आपल्याला फसवलं. मग तो ओरडतो, रबर वर करा. बाकीचे करायचे, ही करायची नाही. एकदा एक जण हट्टालाच पेटला, "दिसल्याशिवाय मी घेणार नाही." ही म्हणाली, "मला लग्नाआधी नवरा दिसला नव्हता. घेतला ना? गप उभा राहा." सगळा पंप हसला. मी तिला न्यायला आलो होतो, तोंड कुठं लपवू असं झालं.

घरीही तेच. तुळिंजच्या आमच्या खोलीत उघडं भांडं दिसायचं नाही. मी चहा ओतायच्या आत त्यावर बशी. "अगं, प्यायचाय मला!" तर म्हणे, "मग पटकन प्या."

आणि हिला स्वतःला वास यायचा बंद झालेला. डॉक्टरनं कारण धड सांगितलं नाही. ती म्हणायची, पेट्रोलनं खाल्लं. बाजारात बोंबील उचलून भर माणसांत माझ्या नाकाशी धरायची. "अहो, बघा हो, चांगलाय का?" कोळीण चिडायची. मी चिडायचो. एकदा रागानं न हुंगताच "घे" म्हणालो. रात्री ताट बाजूला सारलं, तर ही शांतपणे जेवत होती. तिला काही कळतच नव्हतं. त्या दिवशी मी फार बोललो. सोड म्हटलं ती नोकरी, मुलगी सांभाळतेय ना आपल्याला!

"सुरेखाच्या नळीला रबर लागलं की सोडते," म्हणाली.

सुरेखा म्हणजे तीच दोन नंबरवरची पोर, नवीन लागलेली. गिऱ्हाइकांची कटकट नको म्हणून मॅनेजरनं तिथलं रबर कापूनच टाकलं होतं. नवं रबर ऑफिसच्या कपाटात पडून होतं. ही रोज मागायची. तो रोज म्हणायचा, "मावशी, रांग वाढते हो. बघू." मी म्हणालो, "अगं, ती पोर तुझी कोण लागते?"

"कुणी नाही लागत. तिला अजून मोगरा कळतो."



त्या रविवारी बाजारातून आलो. जरा पडते म्हणाली. दिवेलागणीला हाक मारली, "अगं, चहा ठेवतेस का?" उठली नाही. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. रात्रीच स्मशानात नेलं. चुलीजवळ दुधाचं पातेलं होतं, झाकलेलं.

सकाळी उठलो. सुतकात बाहेर पडू नये म्हणतात. मुलगी दारात आडवी उभी राहिली, "बाबा, आज कुठं?" तिला बाजूला केलं आणि स्कूटर काढली. पंपावर जाऊन दोन नंबरला लावली. सुरेखाला कळलं होतं. डोळे पुसत म्हणाली, "काका, किती भरू?"

"काही भरू नकोस. मॅनेजरला बोलाव. कपाटाची किल्ली घेऊन ये म्हणावं."

मागं हॉर्न सुरू झाले. मॅनेजर आला, हात जोडले. "मावशी फार चांगल्या होत्या हो."

"चांगली-बिंगली काही नव्हती. डोकं खायची," मी म्हणालो. "रबर लावा."

"काका, गर्दी आहे, दुपारी बघतो."

मी स्कूटर मोठ्या स्टँडवर चढवली, चावी खिशात टाकली आणि तिथंच बसून राहिलो.