उकळलेले स्पंज

माझ्या धाकट्या बहिणीला इस्पितळात सगळे 'उकळी' म्हणत. शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करायच्या खोलीत तिने सगळी नोकरी काढली. निवृत्त झाल्यावरही घरातले चमचे ती अधूनमधून उकळून काढते. पाहुणा आला की धुतलेला कप त्याच्या देखत पुन्हा धुते. पाहुण्याला वाटतं, आपल्यावरच संशय आहे. मी तिचा सख्खा भाऊ, पण मलाही तसंच वाटतं.

भावोजी लिफ्ट दुरुस्त करायचे. नखांत कायम ग्रीस. दोघांचं कसं जमलं देव जाणे, पण जमलं. एकदा ते कामावरून येताना पिशवीत अंगठ्याएवढा मासा घेऊन आले. दुकानदाराने सांगितलं होतं, फार तर वीतभर होईल. तो जायंट गुरामी निघाला. हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब झाला तरी थांबेना. कपाळावर टेंगूळ, जाड ओठ, हनुवटीखाली दोन लांब मिशा. कुणीतरी फाईल पुढे ठेवावी आणि याने ती न वाचता परत करावी, असा चेहरा. भावोजी त्याला 'साहेब' म्हणायला लागले. टाकी वाढत गेली, घर तेवढंच राहिलं. शेवटी सहा फुटी टाकी आली तेव्हा सोफा विकला.

"माणसांनी उभं राहायचं आणि यांच्या साहेबांनी दिवाणखान्यात लोळायचं," बहीण म्हणायची. टाकीला तिने कधी हात लावला नाही. भावोजी टाकीचं पाणी गाळणाऱ्या गाळणीचे स्पंज धुवायचे तेही टाकीतलंच पाणी बादलीत काढून, त्यात दोनदा पिळून. ते बघून तिच्या अंगावर काटा यायचा. "दादा, बघ, घाण पाण्यात घाण धुतायत. नळ दोन पावलांवर आहे, पण उठायचा कंटाळा." भावोजी नुसते हसायचे. समजावून सांगणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

भावोजी तिच्याच इस्पितळात वारले. फुप्फुसं. शेवटचं जे काही नीट बोलणं झालं ते माशाबद्दल. त्यांनी विचारलं, "साहेबांचं कसं?" आणि ही म्हणाली, "मी बघते. तुम्ही पडून राहा." त्यानंतर ते बोलले नाहीत.

ती रडली नाही. लोक भेटायला आले, तिने सगळ्यांना पाणी दिलं, पेले धुतले. माशाला रोज वाटाणे आणि पालकाची पानं टाकायला लागली. मी जायचो तेव्हा ती स्टुलावर बसलेली असायची, टाकीकडे तोंड करून, पण टाकीकडे बघत असेल असं वाटायचं नाही. मी काहीतरी विचारायचो, ती "हं" म्हणायची. मलाही बोलता येत नाही फारसं. चहा व्हायचा, मी निघायचो.

घर भाड्याचं होतं. मालकाला ते मुलासाठी हवं होतं. भाचीने आपल्या इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या बघितल्या. मासा दुकानाला देऊन टाक, असं तिचं म्हणणं.

"मामा, तुम्ही तरी सांगा तिला. या वयात बादल्या उचलणार का ती?"

मी सांगितलं. बहीण म्हणाली, "मी बघते म्हटलंय त्यांना." विषय संपला.

सामान हलवायच्या दिवशी टाकीवाला आला, त्याची बायको बरोबर. मोठे मासे हलवायचं काम ही दोघं मिळून करतात. त्याने आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं, दोन दिवस माशाला खायला घालू नका, म्हणजे वाटेत पाणी खराब होणार नाही. तेवढं बहिणीने पाळलं होतं.

"जाळी नको," बायको म्हणाली. "काटे अडकतात, पर फाटतो."

"मला शिकवते आहे," तो माझ्याकडे बघून म्हणाला.

"शिकवावं लागतं. मागच्या वेळी कुणी घातली होती जाळी?"

"काका, तुम्ही सांगा, घरी गेल्यावर तरी मला बोलायला मिळेल का?"

मी हसलो. बहीण हसली नाही. मला वाटतं, तिने ऐकलंच नव्हतं.

त्यांनी अर्धं पाणी ड्रमांत भरून घेतलं, जाड प्लास्टिकची भली मोठी पिशवी टाकीत आडवी धरली आणि साहेबांना हळूहळू तिच्यात ढकललं. मासा असूनही हा जातीने वरची हवा घेतो, म्हणून पिशवीत निम्मी जागा मोकळी ठेवली. मग पिशवी झाकणाच्या टबात, वर काळं कापड. अंधार झाला की तो धडपडत नाही.

"गाळणी कुठंय, मावशी?"

बहिणीने ओट्यावरून एक डबा आणला. आत स्पंज होते, नव्यासारखे पांढरे. शेजारी टाकीतले खडे, चकचकीत.

"काल सगळं उकळून घेतलं," ती म्हणाली. "नवीन घरात घाण नको."

टाकीवाल्याने एक स्पंज हातात घेतला, नाकाशी नेला. त्याच्या बायकोने पंपाची नळी गुंडाळायची थांबवली.

"अहो मावशी," ती म्हणाली, "त्याच्यातच तर सगळं असतं."

मग दोघांनी आलटून पालटून सांगितलं. मासा पाण्यात घाण करतो, ती घाण त्याच्यासाठीच विष. ती खाणारे बारीक जीव त्या चिकट तपकिरी स्पंजांत वाढतात. म्हणून स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळायचे, नळाखाली नाही. आणि उकळायचे तर नाहीच.

बहीण उभी होती. म्हणाली, "म्हणजे ते मुद्दाम तसं धुवायचे."

खाली टेम्पोवाला भोंगा वाजवत होता.

थांबणं शक्य नव्हतं, घराची किल्ली त्याच दिवशी द्यायची होती. नव्या जागेत टाकी लागली, खाली थर्माकोल, मग काच, मग जुनं पाणी. टाकीवाल्याने बजावलं: रोज एक चतुर्थांश पाणी बदलायचं, नळाचं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायचं, खायला नावापुरतं. "बघू," तो म्हणाला. खात्रीचं काही बोलला नाही.

बहिणीने बादल्या उचलल्या. मी मदत करायला जायचो, पण मला दोन बादल्यांतच धाप लागायची. तिला लागायची नाही, किंवा तिने तिकडे लक्ष दिलं नसेल. पण साहेब काळवंडत गेले. पर अंगाला चिकटलेले, अंगावर धुरकट साय. कल्ल्यांच्या कडा लाल. हवा घ्यायला वर यायचे आणि पुन्हा कोपऱ्यात जाऊन तिरके पडायचे. वाटाणा तोंडासमोरून खाली गेला तरी बघायचे नाहीत.

तिने स्वतःच टाकीवाल्याला फोन लावला.

तो आला तो एक पिशवी घेऊन. त्याच्या घरच्या टाकीतला स्पंज, तपकिरी, बुळबुळीत. गटाराजवळून जाताना येतो तसा थोडा वास. "सांगून ठेवतो," तो म्हणाला. "यातून एखादा रोगही येऊ शकतो. माझे मासे ठणठणीत आहेत, पण हमी देत नाही. नाही टाकला तर मात्र..." पुढचं त्याने टाकीकडे बघून सोडून दिलं.

दुसऱ्याच्या घरची घाण. मला वाटलं ती हातमोजे शोधेल. तिने बाही वर केली आणि उघड्या हाताने स्पंज पिशवीतून काढला. आयुष्यभर असल्या गोष्टी तिने चिमट्याने उचलल्या, झाकण लावलेल्या डब्यांत टाकल्या.

"थोडा पिळा पाण्यात," टाकीवाला म्हणाला.

तिने पिळला. टाकीत तपकिरी ढग पसरला, साहेब दिसेनासे झाले. पिळलेला स्पंज तिने गाळणीत बसवला. मग हात धुतले, साबणाने, नखांपर्यंत.

पाणी निवळायला वेळ लागला. मी दर दुपारी जात होतो. काही फरक दिसतो का ते मला कळायचं नाही. दिसतो असं मी उगाच म्हणायचो. बादल्या चालूच. मग एके दिवशी मी आत शिरलो तेव्हा तिचा हात मनगटापर्यंत पाण्यात होता. साहेब समोर आले होते. अजून काळपट, एका परावर चीर. त्यांनी तिच्या बोटांतलं पालकाचं पान ओढलं, थुंकलं, पुन्हा ओढलं आणि गिळलं.

मी खुर्चीत बसलो. आता तरी हिला रडू येईल असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट बघत होतो, खिशातला रुमालही चाचपला होता.

"बरं वाटलं का गं?" मी विचारलं.

तिने थोडा विचार केला. "माहीत नाही, दादा." हात तसाच पाण्यात. "तो जगेल."

मग म्हणाली, "खुर्ची जरा मागे घे. सावली पडते, तो बिचकतो."

मी खुर्ची मागे घेतली. तिने दुसरं पान घेतलं.