भिमीच्या ढाब्यावरच्या गिटारी

टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या रस्त्याला भिमीचा ढाबा होता. ढाबा कसला, पत्र्याखाली दोन बाकडी, कुडाच्या भिंती आणि भज्यांची कढई. मी गावच्या शाळेत मास्तर. भिमीची रुपाली चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होती, म्हणून चहा प्यायला तिथंच जायचो.

अठ्ठ्याण्णव साली भिमीनं मुरबाडहून भजी बांधायला रद्दीचा गठ्ठा आणला. सोडून बघते तर गिटार वाजवणाऱ्यांची इंग्रजी मासिकं, गुळगुळीत कागदाची. असला कागद तेल पीत नाही. रद्दीवाल्याला चार शिव्या हासडून तिनं त्यातली चित्रं भाताच्या खळीनं कुडावर चिकटवून टाकली. माणसं तिला सगळी सारखीच दिसायची, केस वाढवलेली नि तोंड वासलेली. पण गिटारी वेगवेगळ्या होत्या. नुसत्या शिंगांवरून कोणाचं जनावर कोणाच्या शेतात शिरलंय हे लांबून सांगणारी ती बाई. गिटारींची शिंगंही, म्हणजे खांद्यांची टोकं, तिच्या डोळ्यांत बसली. तेव्हा आठवीत असलेली रुपाली डिक्शनरी घेऊन खालचा मजकूर वाचून दाखवायची. अडलं की मायलेकी मला विचारायच्या, आणि मलाही यायचं नाही.

दोन हजार तीनच्या श्रावणात मी तिथं चहा पीत असताना डोंबिवलीची पाच-सहा मुलं मोटारसायकलींवरून आली. त्यांतला दीपेश कॉलेजच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. कुडाकडे बोट करून तो कोणती गिटार कोणाची ते मित्रांना सांगू लागला. दुसऱ्यांदा चुकला तेव्हा भिमीनं झारा खाली ठेवला आणि त्याला सांगितलं, नीट बघून बोल. मुलं हसली. मग पैज भिमीनंच लावली. दीपेशनं तोंडं झाकायची, तिनं गिटारीवरून माणूस सांगायचा. हरली तर भजी फुकट. जिंकली तर भांडी दीपेशनं घासायची.

दीपेशनं पहिल्या चित्रावर ताटली धरली. भिमी लगेच म्हणाली, अँगस यंग. दीपेश म्हणाला, हाफपँट दिसतेय, ती हाच घालतो, त्यावरून कोणीही ओळखेल. मग त्यानं पुढच्या चित्रावर रेनकोट असा टांगला की गिटार तेवढी उघडी राहिली.

"ही कंपनीची नाय," भिमी म्हणाली. "ब्रायन मेची. बाप-लेकानी घरात बनवली, शेगडीभोवतीच्या जुन्या लाकडाची."

मित्र दीपेशकडे बघू लागले. तिसऱ्या चित्रावर तिनं जिमी हेंड्रिक्स सांगितलं, तेव्हा दीपेश जरासुद्धा न हसता म्हणाला की मावशी, इथं फसलात. हा भलताच माणूस आहे, उजव्या हातानं वाजवणारा. छापणाऱ्यानं फोटो डाव्याचा उजवा असा उलटा छापलाय, म्हणून डावखुरा वाटतो.

मला ते पटलं होतं. भिमीनं चित्र कुडावरून अलगद सोडवलं आणि त्याच्या हातात दिलं.

"खालचं वर करून धर. आता गिटारीच्या टोकावरचं कंपनीचं नाव वाच."

दीपेशनं कागद फिरवला. नाव सरळ वाचता येत होतं. फोटो उलटा छापला असता तर अक्षरं आरशातल्यासारखी दिसली असती, कागद कसाही फिरवला तरी. माणूस डावखुराच होता, उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवणारा.

"तो हेंड्रिक्सच, तुला ठावं होतं ना रे?" भिमीनं विचारलं. दीपेशनं मान खाली घातली, पण हसू त्याला आवरेना.

त्यानं ढाब्यामागं बसून राखेनं सगळी भांडी घासली. पातेल्याचे काठ भिमीनं दोनदा परत घासायला लावले. हात पुसत त्यानं विचारलं की यांतलं कोणाचं वाजवणं तुम्हाला आवडतं. भिमी म्हणाली, एकाचंपण ऐकलेलं नाय.

दीपेशनं सॅकमधला वॉकमन काढून तिच्या कानांवर चढवला आणि हेंड्रिक्सची कॅसेट लावली. भिमी दचकली, पण काढू देईना. सोडवलेलं चित्र हातात धरून उभी राहिली.

"एवढीशी दिसते, नि केवढी वरडते," ती आम्हाला ओरडून म्हणाली, कारण तिला स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता.

वॉकमन तसाच ठेवून तिनं पुढचा घाणा सोडला, आणि तो करपवला. ती भजी तिनं मुलांच्याच पुढ्यात ठेवली. मुलांनी निमूट खाल्ली.